जबड्याचं दुखणं आणि लेझर: पार्श्वभूमी

२०२३च्या डिसेंबरात जबड्याच्या सांध्याच्या जुन्या दुखण्यावर एक आंतरराष्ट्रीय शिफारस आली आणि त्यात लेझर, म्हणजे दुखऱ्या जागेवर कमी ताकदीचा प्रकाश मारायचा उपचार, ‘शक्यतो नको’च्या यादीत गेला. मग फिजिओवाले अजून लेझर कशाला मारतात, हा प्रश्न बेळगाव-निपाणीकडं पण येणारच.

लेझर १९६०चा. पुढं १९६७च्या सुमारास बुडापेस्टच्या एका डॉक्टरांनी उंदरांच्या गाठी जातात का बघायला रुबी लेझर मारला, मशीन लय कमी ताकदीचं होतं, गाठी काय गेल्या नाहीत पण भादरलेल्या जागेवर केस भराभर आले. तिथनं जखमा, मग सांधे, आणि डायोडची मशीनं स्वस्त झाली तशी दातांच्या डॉक्टरांकडं.

जबड्याचं प्रकरण वेगळंच चाललेलं. १९३४ला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मांडलं की मागचे दात पडले की जबडा मागं सरकतो, कानाजवळच्या नसा दाबतो आणि दुखतं. हे पुढं खोडलं गेलं, तरी आज्जीचं दाभाड दुखलं की “कवळी बसवा, थांबेल” म्हणणारे अजून आहेत. स्नायूचं दुखणं वेगळं, सांध्याचं वेगळं, सांध्यातली चकती सरकलेली वेगळी असे निदानाचे नियम १९९२ला ठरले, २०१४ला सुधारले. हे दुखणं जास्त करून २० ते ४० वयात आणि बायकांत दिसतं. म्हातारपणी सांधा झिजतो, तोंड उघडताना करकर वाजतो, पण वाजतो त्या सगळ्यांचा दुखतोच असं नाही.

आता ती शिफारस. जबड्याचे व्यायाम, हातानं सांधा मोकळा करणं, मान-पाठीची ठेवण सुधारणं, दुखण्याकडं बघायची सवय बदलणारं समुपदेशन, ह्याला जोरदार हो. लेझरला सशर्त नको, आणि त्याच यादीत रात्री दातांवर घालायची प्लेट, टेन्स (कातडीवरनं हलका करंट देणारं मशीन), बोटॉक्सचं इंजेक्शन पण आहेत, म्हणजे एकट्या लेझरवर राग धरण्यात अर्थ नाही. सशर्त नको म्हणजे बंदी न्हवे. पुरावा डळमळीत आहे, सगळी माहिती दिली तर बहुतेक लोक घेणार नाहीत, काही जण घेतील, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या मते गोची अशी की ज्या अभ्यासांवर हे ठरलं त्यात सत्तरीतली माणसं थोडीच. ज्या मामांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, किडनी नाजूक आहे, त्यांना दुखण्याच्या गोळ्या सोसत नाहीत, तिथं कमी धोक्याच्या उपायाचं वजन वाढतं. पण खानापूरच्या आतल्या गावातनं एसटी बदलत आठवड्यातनं दोन-तीनदा बेळगावला यायचं हा पण त्रासच की, आणि व्यायाम घरी फुकट होतात. म्हणून व्यायाम आधी, लेझर जोडीला, असं मला वाटतं. एकट्या लेझरचं पॅकेज विकणाऱ्याकडं मात्र जाऊ नये.

हाच प्रकाश कॅन्सरच्या उपचारात तोंड येऊ नये म्हणून वापरायला मात्र मान्यता मिळालीय, कारण तिथं डोस बऱ्यापैकी ठरलाय. जबड्याच्या अभ्यासांत प्रकाशाची तरंगलांबी एकानं ७८० नॅनोमीटर घेतली, दुसऱ्यानं ८३०, तिसऱ्यानं ९०४, कोण सांध्यावर मारतोय कोण स्नायूवर, आणि डोस कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर परिणाम उलटा कमी होतो. अशा सगळ्यांची सरासरी काढल्यावर निकाल धूसर येणारच. त्यात लोक लाल बल्बच्या शेकाला पण लेझरच म्हणतात. शेक गरम लागतो, हा लागत नाही. पेशीला ताकद पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भागावर ह्या प्रकाशाचा परिणाम होतो असं मानतात. डोळ्यांना चष्मा दोघांनी लावायचा, पेशंटनी आणि मारणाऱ्यानी.

सुपारी-गुटख्यानं तोंड उघडत नाही ते प्रकरण सांध्याचं न्हवे, गालाच्या आतली कातडी आखडते, त्याची तपासणी वेगळी. आणि पन्नाशीनंतर घास चावताना दुखतं, थांबलं की कमी होतं, जोडीला कानशिलाला हात लावला तरी दुखतं किंवा अंधुक दिसतं, तर ती रक्तवाहिनीची सूज असू शकते. त्यात नजर कायमची जाऊ शकते, म्हणून लेझरची पुढची बारी सोडून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं.