शून्याला न शिवणारा आलेख आणि त्याचं वजन

‘अमुक हर्ट्झचा सूर ऐका, पेशी दुरुस्त होतात’ असे व्हिडिओ मला आठवड्यातून दोनदा तरी येतात. लहरींच्या नावावर हे खपतं, पुरावा कुणी मागत नाही. आणि लहरींच्या गणितात जे खरोखर थक्क करणारं आहे, ते मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

आवर्ती, म्हणजे ठरावीक अंतराने तसाच पुन्हा येणारा आलेख (तो वर्तुळावर गुंडाळलेला समजा) साध्या लहरींच्या बेरजेत मांडता येतो, ही फ्रेंच गणिती फूरिये यांची कल्पना. प्रत्येक लहरीपुढे एक सहगुणक. आलेख अखंड असला की ही बेरीज त्याच्यापाशी पोचणारच, असं वाटतं. पण तसं दरवेळी होत नाही, हे १८७३ मध्ये जर्मन गणिती द्यू ब्वा-रेमाँ यांनी दाखवून दिलं. म्हणून कडक अट घालू: सहगुणकांची चिन्हं पुसून केलेली बेरीज मर्यादित हवी. तिला ‘वजन’ म्हणू. ‘२ + कोसाइन’चे सहगुणक २, ½, ½ (कोसाइन म्हणजे उलटसुलट फिरणाऱ्या दोन लहरी, निम्म्या निम्म्या), म्हणून वजन ३. गुणाकाराचं वजन वजनांच्या गुणाकाराहून कधीच जास्त भरत नाही. मर्यादित वजनाच्या आलेखांच्या अशा कुटुंबाला पोलिश गणिती स्टेफान बानाख यांच्या नावाने बानाख बीजगणित म्हणतात.

भागाकाराचं काय? १ भागिले (२ + कोसाइन) यात लहरी अनंत, पण दोन्ही बाजूंना प्रत्येक पुढचा सहगुणक आकाराने मागच्याच्या सुमारे ०.२६८ पट. वजन बरोबर १! इथे भूमिती श्रेढीने काम भागतं. सगळीकडे भागत नाही. तरीही मर्यादित वजनाचा आलेख कुठेच शून्य होत नसेल, तर त्याच्या व्यस्ताचंही (१ भागिले तो आलेख) वजन मर्यादितच, हे अमेरिकी गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी १९३२ मध्ये सिद्ध केलं, वर्तुळाचे तुकडे करत, बऱ्याच खटपटीने.

१९४१ मध्ये मॉस्कोच्या इझराइल गेल्फांड यांनी तेच काही ओळींत केलं. आलेखाला एक संमिश्र संख्या देणारा, बेरीज-गुणाकार जपणारा आणि प्रत्येक स्थिर संख्येला तीच संख्या (१ ला १ च) देणारा नियम घ्या. त्याला ‘मापक’ म्हणू. ज्याला एकही मापक शून्य देत नाही, त्याचा व्यस्त कुटुंबातच असतो, हे त्यांचं सर्वसाधारण प्रमेय. मग आपल्या कुटुंबात मापक कोणते? वर्तुळाभोवती एक फेरी मारणाऱ्या मूळ लहरीला मापकाने ‘झ’ दिला. लहरीचं वजन १. झ चा आकार (शून्यापासूनचं अंतर) १ हून मोठा असता, तर ‘१ वजा लहर भागिले झ’ याचा व्यस्त भूमिती श्रेढीने मिळाला असता, आणि मापक तर त्यालाच शून्य देतो. पण त्याचा आणि व्यस्ताचा गुणाकार १, त्याला मापकाने १ च द्यायला हवा. विसंगती! उलट फिरणाऱ्या लहरीचंही वजन १, तिला मिळतो १/झ, म्हणून त्याचाही आकार १ हून मोठा नाही. म्हणजे झ चा आकार नेमका १: तो वर्तुळावरचा बिंदू! मापक म्हणजे त्या बिंदूवरची आलेखाची किंमत, दुसरं काही नाही. आलेख कुठेच शून्य नाही, म्हणून कोणताच मापक त्याला शून्य देत नाही. झालं.

या युक्तिवादाने व्यस्ताचं वजन मर्यादित आहे एवढंच कळतं, ते किती हे कळत नाही. मूळ आलेखाचं वजन आणि त्याचं शून्यापासूनचं किमान अंतर, एवढ्याच माहितीवरून त्याला सरसकट कमाल मर्यादा घालता येत नाही.