अमेरिकेत पायलट व्हायला जाताय? एफएएच्या मेडिकलमध्ये काय होतं

अमेरिकेतल्या फ्लाइट स्कूलला पैसे पाठवण्याआधी इथलं डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचं, क्लास वन मेडिकल (व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी) उरकून घ्या. परत येऊन भारतीय विमान कंपनीत नोकरी करायची तर तेच लागतं, अमेरिकेतलं प्रमाणपत्र त्याच्या जागी चालत नाही. तिथे पास झालेला मुलगा इथे अडकला, तर तोवर घरचे लाखो रुपये गेलेले असतात.

अमेरिकेतलं वैद्यकीय प्रमाणपत्र एफएए, म्हणजे तिथली विमान वाहतूक नियामक संस्था, देते आणि ते हातात असल्याशिवाय एकट्याने विमान उडवता येत नाही. तपासणी एफएएने नेमलेले डॉक्टर करतात, त्यांना एएमई म्हणतात. त्यांची यादी एफएएच्या वेबसाइटवर आहे. फी सरकारने ठरवलेली नसते, तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

या प्रमाणपत्राचे वर्ग तीन आहेत. शिकाऊ आणि खासगी पायलटला थर्ड क्लास पुरतं, पैसे घेऊन उडवायचं तर सेकंड, एअरलाइनचा कॅप्टन व्हायचं तर फर्स्ट. चाळिशीच्या आत थर्ड क्लास ६० महिने चालतं, बाकी दोन्ही १२ महिने. फर्स्ट क्लासचे १२ महिने संपले म्हणून कागद वाया जात नाही, उरलेल्या मुदतीत तो थर्ड क्लास म्हणून चालतो. त्यामुळे करिअरच करायचं असेल तर पहिल्यांदा फर्स्ट क्लासच द्यावं, शरीर त्यात बसतं का हे लगेच कळतं.

अर्ज मेडएक्सप्रेस या साइटवर भरायचा. शेवटी एक कन्फर्मेशन नंबर मिळतो. तो आणि फोटो असलेलं ओळखपत्र, म्हणजे आपल्यासाठी पासपोर्ट, घेऊन ६० दिवसांच्या आत डॉक्टरकडे जायचं. चष्मा असेल तर तोही न्या.

मुलं तपासणीला घाबरतात, पण गडबड होते ती फॉर्ममध्ये. आजारांविषयीचा प्रश्न ‘आयुष्यात कधीही’ असा आहे. लहानपणी तापात आलेली फिट, शाळेच्या प्रार्थनेत चक्कर येऊन पडणं, दमा, ऑपरेशन, हॉस्पिटलात काढलेली रात्र, सगळं त्यात येतं. गेल्या ३ वर्षांत कोणत्या डॉक्टरांकडे गेलात तेही विचारतात. औषधांमध्ये चिठ्ठीशिवाय घेतलेलीही धरतात, म्हणजे आजीने सुरू केलेला काढा आणि सर्दीची सेट्रिझिनही. सेट्रिझिनने झोप येते म्हणून ती घेऊन उडायला एफएए परवानगी देत नाही. ‘लिहू नकोस, कोणाला कळतंय’ असा सल्ला देणारे भेटतील. खोटी माहिती देणं हा तिथे फेडरल गुन्हा आहे: अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षांपर्यंत कैद.

तपासणी तशी साधीच. फर्स्ट आणि सेकंड क्लाससाठी प्रत्येक डोळ्याला दूरचं २०/२० दिसायला हवं, थर्डला २०/४० चालतं. चष्मा लावून दिसलं तरी हरकत नाही, फक्त प्रमाणपत्रावर तशी अट छापून येते. रंगांची चाचणी नव्या उमेदवारांसाठी १ जानेवारी २०२५ पासून कॉम्प्युटरवर होते, ठिपक्यांची जुनी पुस्तकं आता चालत नाहीत. कानांसाठी ६ फुटांवरून पाठमोरं उभं करून साध्या आवाजात बोलतात. रक्तदाब १५५/९५ च्या वर नको. लघवीत साखर आणि प्रथिनं बघतात. ईसीजी फक्त फर्स्ट क्लासला, तोही पस्तिशीनंतर.

सगळं ठीक असेल तर प्रमाणपत्र बहुधा तिथेच मिळतं. शंका आली तर डॉक्टर प्रकरण पुढे एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या वैद्यकीय कार्यालयाला पाठवतात आणि मग महिने जाऊ शकतात. अपस्मार, औषधं लागणारा मधुमेह, बायपोलर हा मनोविकार, हृदयविकाराचा झटका असे काही आजार नियमानेच अपात्र ठरवतात, पण त्यांतल्या काहींना स्पेशल इश्युअन्स, म्हणजे प्रकरण वेगळं तपासून, या वाटेने परवानगी मिळते.

तुमच्या इतिहासात असं काही असेल तर कन्फर्मेशन नंबर लगेच देऊ नका. डॉक्टरने त्यावरून अर्ज उघडला की प्रकरण नोंदलं जातं, मग तपासणी अर्धवट सोडून उठलात तरी ते मिटत नाही. आधी नुसता सल्ला घ्यायला आलोय म्हणून सांगा. आणि जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, तज्ज्ञाचं इंग्रजीतलं पत्र निघतानाच बॅगेत ठेवा. तालुक्याच्या दवाखान्यातली दहा वर्षांपूर्वीची फाइल फ्लोरिडात बसून मागवायची म्हणजे घरच्यांचीही परीक्षाच.