वरच्या टेबलावर कधी बसावं?

ऑनलाइन नव्हे, प्रत्यक्ष टेबलाभोवती बसून खेळलेल्या पोकरमध्ये तासाला साधारण तीस डाव होतात. पत्ते पिसणं, वाटणं, चिप्स मोजणं, कुणी तरी विचारात गढून बसणं, यात वेळ जातो. हातात एक्क्यांची जोडी येते सरासरी २२१ डावांत एकदा, म्हणजे सात-साडेसात तासांतून एकदा. समजा ती आली, समोरच्याकडे राजांची जोडी निघाली आणि टेबलावरच्या सगळ्यांसाठी सामाईक पाच पत्त्यांपैकी पहिली तीन पत्ती उघडण्याआधीच दोघांनी सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. याहून चांगली संधी क्वचितच मिळते. तरीही पाचही पत्ती उघडल्यावर शंभरातल्या अठराएक वेळा राजे जिंकून जातात.

एका रात्रीची बेरीज अशा मोठ्या रकमेच्या दोन-तीन डावांवर ठरते. त्यामुळे ‘दोन महिने जिंकतोय, आता दुप्पट ब्लाइंडच्या टेबलावर बसू का?’ (ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधीच दोघा खेळाडूंना लावावी लागणारी सक्तीची रक्कम) याचं उत्तर जिंकलेल्या रकमेत शोधू नये, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब बिग ब्लाइंडमध्ये, म्हणजे त्या दोन रकमांपैकी मोठीच्या पटीत करू; पुढे ‘ब्लाइंड’ म्हणजे तीच. एक चांगला खेळाडू तासाला ५ ब्लाइंड कमावतो असं धरू. नो-लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे कितीही चिप्स लावता येणाऱ्या याच प्रकारच्या पोकरमध्ये, तासाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, ४५ ब्लाइंड धरायला हरकत नाही. कमाईच्या नऊपट! कमाई तासांच्या पटीत वाढते, चढउतार मात्र तासांच्या वर्गमुळाच्या पटीत. १०० तासांनंतर अपेक्षित कमाई ५०० आणि चढउतार ४५०. म्हणजे हा खरोखर चांगला खेळाडूही १०० तासांनंतर तोट्यात असण्याची शक्यता १३ टक्के. उलट, ज्याच्या खेळात काडीचाही नफा नाही असा माणूस तेवढ्याच वेळात ४५० किंवा अधिक ब्लाइंड जिंकून बसलेला असण्याची शक्यता १६ टक्के. दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर फसायला होतं. १,००० तास, म्हणजे आठवड्याला वीस तास धरले तर जवळजवळ वर्षभर, खेळल्यावरही कमाईचा वेग तासाला ५ ब्लाइंड दिसत असेल तर खरा वेग २ ते ८ मध्ये कुठेही असू शकतो.

आणि वर जावंसं वाटतं कधी? लाट चालू असताना. तोट्याच्या महिन्यानंतर हा प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणजे आपण वही उघडतो तो क्षणच निवडक असतो. कौशल्यात नशिबाचा वाटा तेव्हाच सर्वांत जास्त मिसळलेला असतो, त्यामुळे पुढचे आकडे सरासरीकडे उतरतात. इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली उंचीच्या बाबतीत हेच दाखवलं होतं: फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीने त्यांच्यापेक्षा थोडी कमी उंच निघतात. वर गेल्यावर वेग उतरला की खेळाडू म्हणतो, वरचे लोक फार तयारीचे आहेत. ते काही अंशी खरंही असतं, पण खालीच राहिला असता तरी वेग उतरणारच होता.

आता गंगाजळीचा प्रश्न. डच गणिती क्रिस्तिआन हायगेन्स यांनी १६५७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एक कोडं आहे: दोघांकडे प्रत्येकी १२ नाणी, फासे टाकायचे, कुणाची आधी संपतील? त्या कोड्यापासून सुरू झालेलं गणित आज आपल्याला सांगतं की तासाला ५ ब्लाइंड आणि ४५ चा चढउतार असेल, तर २,००० ब्लाइंड जवळ असताना सगळं गमावण्याची शक्यता वीस हजारांत एक. तोच पैसा घेऊन दुप्पट टेबलावर गेलं की त्याचे १,००० ब्लाइंड होतात. तिथे वेग निम्मा झाला तर बुडण्याची शक्यता थेट बारांत एक.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ब्लाइंड दुप्पट आणि वेग निम्मा, म्हणजे तासाची कमाई तेवढीच राहिली, फक्त चढउतार दुप्पट झाला. अशा बदलात काहीच हाती लागत नाही. वर जाण्यात अर्थ असायला तिथला वेग निम्म्याहून स्पष्टपणे जास्त हवा. वर रेकचा, म्हणजे खेळ भरवणारा डावांतून कापून घेतो त्या रकमेचा, भार ब्लाइंडच्या मानाने बहुधा हलका असतो, तेवढी मदत होते. समजा तिथे ३.५ चा वेग टिकला. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या जॉन केली यांनी १९५६ साली भांडवलाच्या वाढीचा जो निकष मांडला, त्यानुसार वरचं टेबल खालच्या टेबलाच्या सुमारे १,५०० ब्लाइंडनंतर फायद्याचं ठरतं. त्याखाली, कमाई जास्त असूनही, पैसा सावकाशच वाढतो.

म्हणून मला पटणारा मार्ग असा: खालच्या टेबलाचे २,१०० ब्लाइंड जमल्यावर वर बसावं, आणि तिथले शंभर-शंभर ब्लाइंडचे तीन बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायच्या चिप्सची रक्कम) गेले, म्हणजे १,५०० उरले, की उठून खाली यावं. हा आकडा वर बसण्याच्या आदल्या दिवशीच वहीत लिहावा. टेबलावर हरत असताना तो ठरवता येत नाही. वरच्या टेबलावर ३.५ च्या वेगाने खरोखर जिंकू शकणारा खेळाडूही कधी ना कधी ते तीन बाय-इन गमावून खाली येण्याची शक्यता ३५ टक्के असते.