पार्श्वभूमी: शाळा, क्लास आणि सरकारी हमीचे कर्ज

गोव्यात शाळेला सरकारी पैसा म्हटले की आठवते ते अनुदान. मुक्तीपूर्वी मराठी शाळा देवळाच्या अग्रशाळेत, कुणाच्या तरी ओसरीवर, लोकवर्गणीतून चालत. 1961 नंतर सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या आणि खासगी संस्थांच्या माध्यमिक शाळांतल्या पगारांचा भार हळूहळू उचलला. माध्यमाचा वाद 1990 मध्ये पेटला, 2011 मध्ये पुन्हा पेटला. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता, अनुदान कोणाला? या सगळ्यात बँकेकडे कर्जदार म्हणून जाण्याची सवय संस्थाचालकांना लागलीच नाही.

लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणारा केंद्राचा निधी 2000 साली उभा राहिला. कर्ज बुडाले तर ठरलेला वाटा निधी बँकेला देतो, म्हणून बँकेने तारण मागू नये, ही त्यामागची कल्पना. हमी बँकेला असते, कर्जदाराची देणी त्याने सुटत नाहीत. हे काउंटरवर क्वचितच सांगितले जाते. 2006 च्या कायद्याने सेवाही 'उद्यम' ठरल्या. ब्युटी पार्लर, गॅरेज, सायबर कॅफे हमीच्या छत्राखाली आले. शिक्षणसंस्था आणि प्रशिक्षणसंस्था मात्र शेती व बचतगटांच्या जोडीने वगळलेल्यांच्या यादीत बसवल्या गेल्या.

खरा गुंता इथला. शिक्षण हा धंदा नव्हे, असे एका बाजूने म्हणायचे, तर सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच कामगार कायद्यापुरती शिक्षणसंस्था 'उद्योग' ठरवली होती. 2002 मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने शिक्षण हा 'व्यवसाय' मानला. वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी नको, असे बजावले. संस्थांच्या शाळांबाबत धोरणकर्त्यांची कुचंबणा यावरून समजू शकते. पण खासगी क्लासचे काय? त्यांच्यावर जुलै 2003 पासून 'व्यापारी प्रशिक्षण व कोचिंग' म्हणून सेवाकर लागू झाला होता. म्हणजे कर भरताना व्यापारी आणि हमी मागताना शिक्षणसंस्था! हा विरोधाभास वर्षानुवर्षे तसाच राहिला. 2018 मध्ये किरकोळ व्यापारही हमीत आला. शिक्षण-प्रशिक्षणाला आणखी थांबावे लागले.

मधल्या काळात क्लासवाल्यांना हात दिला तो राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार योजनेने आणि 2015 पासून मुद्रा कर्जाने. मुद्राची मर्यादा दहा लाख होती. 2024 मध्ये जुने कर्ज नीट फेडलेल्यांसाठी ती वीस लाख झाली. दहा लाखांत फोंड्यात भाड्याचा हॉल, बाके, एसी, प्रोजेक्टर, दोन-चार तबले-पेट्या एवढे भागते. शाळेचा मजला काही चढत नाही.

शाळांसाठी 2015 च्या अग्रक्रम कर्जाच्या, म्हणजे बँकांनी ठरावीक क्षेत्रांना प्राधान्याने द्यायच्या कर्जाच्या, नियमांत पाच कोटींची तरतूद झाली, लाखाहून कमी वस्तीच्या गावांपुरती. 2011 च्या जनगणनेत गोव्यातली एकही नगरपालिका लाखावर गेलेली नव्हती. मुरगाव 94 हजारांवर थांबले होते. पण अग्रक्रम म्हणजे हमी नव्हे. तारण लागतेच, आणि अडते तिथेच. शाळेखालची जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामायिक मालकीच्या संस्थेची) किंवा देवस्थानची असली की गहाणखत सहजी होत नाही. क्लास राहत्या घरात असेल तर घर मुंडकारीचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहण्याच्या हक्काचे, आहे का, हा पहिला प्रश्न. स्वतःचे असले तरी इथल्या नागरी कायद्यामुळे पती-पत्नी दोघांची संमती हवी. क्लास एकीचा, कागदावर सह्या दोघांच्या.

कोविडमध्ये हे सगळे उघडे पडले. मे 2020 च्या तातडीच्या हमी योजनेत 29 फेब्रुवारीच्या थकबाकीच्या 20 टक्के जादा कर्ज मिळे. ज्यांना आधी बँकेने दारात उभे केले नव्हते, त्यांची थकबाकी शून्य. शून्याचे 20 टक्के काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

आता शिक्षण व प्रशिक्षणसंस्था हमीला पात्र आहेत. लघुउद्योगांच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीत शिक्षणाला 85 हा क्रमांक आहे, त्याखाली बालवाडीपासून शिकवणी, नृत्य, क्रीडा-प्रशिक्षणापर्यंत सारे येते. ट्रस्ट आणि सोसायटीलाही नोंद करता येते. हमीची कमाल मर्यादा 2023 मध्ये पाच कोटी आणि एप्रिल 2025 पासून दहा कोटी झाली. तारण मागायचे की हमी घ्यायची, हे मात्र अजून शाखेतच ठरते.