पार्श्वभूमी : छपराचा खर्च आणि शुक्रवार पेठेतली मंडई

पेशवाई संपल्यावरही पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावरच भरत असे. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नगरपालिकेने तो तिथून हलवायचा घाट घातला. शुक्रवार पेठेतली खासगीवाल्यांची चारेक एकर जागा घेण्यात आली, आणि मधोमध मनोरा व त्याच्यापासून चौफेर फुटणारी दालनं अशी दगडी इमारत १८८६ मध्ये उभी राहिली. नाव पडलं 'रे मार्केट', तेव्हाच्या गव्हर्नरांच्या नावावरून.

या खर्चाला पालिकेतल्याच एका सदस्याने, महात्मा जोतीराव फुल्यांनी, विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, इमारतीपेक्षा पैसा शिक्षणावर लावा. फुले स्वतः बांधकामाच्या कंत्राटांतले जाणकार, त्यामुळे दगडा-चुन्याला काय लागतं हे त्यांना शिकवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. १८८० मध्ये व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हाही बत्तीस सदस्यांत विरोध करणारे ते एकटेच. मंडईला पुढे त्यांचंच नाव मिळालं. पुण्यात हा योगायोग इतक्या वेळा हसत हसत सांगितला जातो की मूळ हरकत बाजूलाच राहते. ती हरकत बाजाराला नव्हती. शहराच्या तिजोरीतून कुणाची सोय आधी व्हायची, असा तो सवाल होता. छप्पर आलं की गाळा आला, गाळ्यामागून भाडं आलं, आणि ज्याला ते परवडत नाही तो पाटी घेऊन पुन्हा रस्त्यावर. मंडईबाहेर बसणाऱ्यांवर आजही अतिक्रमणाची कारवाई होते, तेव्हा हा हिशेब कुणी काढत नाही.

भोवतालची खाण्यापिण्याची दुकानं बाजाराच्याच वेळापत्रकावर वाढली. माल रात्री-पहाटे उतरायचा, त्यामुळे हमाल आणि गाडीवाल्यांना चहा उजाडायच्या आत लागे. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी विसाव्या शतकात अमृततुल्यं, म्हणजे चहाची दुकानं, काढली. त्याच्या जोडीला मिसळ, भजी, खानावळी. गप्पांचा फड असा रंगे की राजकारणातले अंदाज 'मंडई विद्यापीठा'च्या नावावर खपू लागले.

खरा फरक पडला घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्यावर. मंडईत किरकोळ विक्री उरली, पहाटेची गर्दी गेली, आणि हमालाच्या जागी तुळशीबागेत खरेदीला आलेलं गिऱ्हाईक बसलं. हमालाला पोटभर आणि स्वस्त हवं होतं, याला बसायला जागा आणि आइस्क्रीम घातलेली दुधाची मस्तानी हवी. मग मेनू बदलला, भावही बदलले. पेठांतली वस्ती उपनगरांत गेल्याने रोज पिशवी घेऊन येणारेही घटले, त्यात दारात भाजी पोचवणारी ॲप्स आली.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस भुयारी मेट्रोचं मंडई स्थानक सुरू झालं. पार्किंगच्या धाकाने पेठेत न फिरकणारे त्यामुळे पुन्हा येऊ शकतात, हे खरं. पण मेट्रोने आलेला माणूस पाच किलो बटाटे उचलून परत जाणार नाही, तो खाऊन जाईल. त्यामुळे स्थानकाचा फायदा आधी हॉटेलांना होईल. गाळेवाल्यांच्या वाट्याला किती येईल, याबद्दल शंका घ्यायला भरपूर वाव आहे.