थंडी-पावसातील सायकलिंगचे कपडे (पुणे परिसर)

गारठा, वारा आणि पाऊस यांपासून सायकलस्वाराचे अंग राखणारा आणि त्याच वेळी घामाला वाट देणारा पेहराव. पुणे परिसरात यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे. इथे सायकलस्वार चढावर आतून भिजतो आणि उतारावर त्याच ओल्या कपड्यांत गारठतो. युरोपातल्या हिवाळ्यासाठी शिवलेले अस्तराचे जाड जर्किन पुण्यात बहुतेक वेळा वाया गेलेली खरेदी ठरते.

हवामान

डिसेंबर-जानेवारीतली पुण्याची थंडी कोरडी असते. पहाटे पारा साधारण ८ ते १२ अंश सेल्सियसपर्यंत उतरतो. शहरातला नोंदलेला नीचांक १.७ अंश (१७ जानेवारी १९३५). सूर्य सातच्या सुमारास उगवतो, दहा वाजेपर्यंत हवा विशीत जाते आणि दुपारी तिशीच्या आसपास. पहाटे पाचला निघालेल्याला परतताना ऊन लागणार हे धरूनच कपडे निवडावे लागतात. अंगावरून उतरवून जर्सीच्या पाठीमागच्या खिशात कोंबता येत नाही, ते इथल्या हिवाळ्यात निरुपयोगी.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा सखल भागात साचते. म्हणून पाषाणचा परिसर, नदीकाठ, कालव्यालगतचे आणि उसाच्या शेतांतून जाणारे रस्ते भर शहरापेक्षा गार लागतात, आणि बोपदेव घाटाची काही वळणे चढल्यावर हवा उलट उबदार होते. पावसाळ्यात चित्र फिरते. शहर सुमारे ५६० मीटर उंचीवर, तर सिंहगडाचा माथा सुमारे १,३०० मीटरवर. ढगात बुडालेल्या माथ्यावर तापमान शहरापेक्षा चार-एक अंशांनी कमी असते. माथ्यावरचा १९ अंश हा आकडा किरकोळ वाटतो. पण अंग निथळत असेल, चढावरचे श्रम संपलेले असतील आणि उतारावर ताशी ४० किलोमीटरचा वारा छातीवर येत असेल, तर दात वाजायला तेवढे पुरते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. ओला कपडा त्यामुळेच बोचतो. नोव्हेंबर-डिसेंबरातल्या अवकाळी पावसात मात्र थंडी आणि पाऊस दोन्ही एकदम गाठतात.

वाऱ्याचा हिशेब कोरड्या अंगालाही लागू आहे: १० अंश तापमानात ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना उघड्या कातडीला ७ अंशांइतके गार लागते, ४० च्या वेगाला ६ अंशांइतके.

अंगालगतचा थर

सर्वांत मोठी चूक इथे होते, ती म्हणजे जर्सीखाली सुती बनियन. सूत घाम पिते आणि धरून ठेवते. पॉलिएस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही ओल शोषत नाही. घाम कपड्याच्या पृष्ठभागावर पसरून उडून जातो. जाळीदार पॉलिएस्टरचे बिनबाह्यांचे बनियन स्वस्त असते आणि पुण्यात वर्षभर चालते. मेरिनो लोकर वजनाच्या साधारण एक तृतीयांश ओल शोषूनही ओली लागत नाही आणि वासही कमी मारते; पण वाळायला वेळ घेते व महाग असते. घ्यायचीच तर दर चौरस मीटरला १५० ग्रॅमची पातळ घ्यावी. त्याहून जाड लोकर पुण्यात उन्हे वर आली की नकोशी होते.

लांबच्या घाटवाटेवर कोरडे बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेतात आणि माथ्यावर थांबल्याबरोबर, चहा मागवण्याआधी, बदलतात. आधी चहा घेतला तर तेवढ्या वेळात अंग निवते आणि पुन्हा ऊब यायला उतारावर पायडल मारण्याची सोय नसते.

किती कपडे

१८ अंशांच्या वर अर्ध्या बाह्यांची जर्सी पुरते. १३ ते १७ अंशांत सुट्या बाह्या (आर्म वॉर्मर) चढवाव्यात. त्या चालत्या सायकलवरही मनगटापर्यंत खाली सरकवता येतात. ९ ते १२ अंशांत पूर्ण बाह्यांचे बनियन, वर जर्सी, त्यावर पातळ विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे. पारा ९ अंशांच्या खाली गेला तर गुडघे आणि कानही झाकावेत. घराबाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटे थोडी थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटणारा सायकलस्वार पहिल्या चढाच्या अर्ध्यावर घामाघूम होतो. विंडचीटर शंभर-सव्वाशे ग्रॅमचे, मुठीत मावणारे असावे. वारा समोरून येतो, म्हणून त्याची पाठ जाळीची असली तरी चालते, किंबहुना चांगलेच.

रेनकोट

दुचाकीसाठी मिळणारा पीव्हीसीचा दोन भागांचा रेनकोट पाणी पूर्ण अडवतो आणि घामही. सपाटीवर तीन-चार किलोमीटर कामाला जाणाऱ्याला तो चालतो, चढाला नाही. पॉन्चो (डोक्यावरून घालायचा सैल, बिनबाह्यांचा रेनकोट) हवा खेळती ठेवतो, पण पुलावरच्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो, मागचा दिवा झाकतो आणि त्याचा सोगा चाकात जाऊ शकतो.

पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पातळ पडदा (मेम्ब्रेन) लावलेले कापड (यातले गोअर-टेक्स बाजारात आले १९७६ साली) वाफ बाहेर सोडते, ते आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते म्हणून. कोरड्या थंडीत हा फरक मोठा असतो. जुलैतल्या दमट हवेत तो निम्म्याच्या आसपास येतो. त्यामुळे महागडे जॅकेटही चढावर आतून ओले होते, आणि ते गळते आहे असा गैरसमज होतो. पुण्यात म्हणून पडद्याच्या दर्जापेक्षा काखेतल्या चेन, पाठीवरची झडप आणि खालपर्यंत उघडणारी पुढची चेन यांकडे आधी पाहावे. जलरोधाचा आकडा (किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसते, तो) घाटासाठी १०,००० मिलिमीटर असला की पुष्कळ झाला. मात्र शिवणींवर आतून टेप हवीच. पाठीमागचा घेर कमरेखाली उतरणारा असावा, कारण वाकून बसल्यावर तो वर चढतो. कोटाची टोपी हेल्मेटवरून घेतली तर मान वळवून मागचे वाहन दिसत नाही. ती काढता येणारी बरी.

मोठ्या पावसाळी चढावर अनुभवी मंडळी रेनकोट घालतच नाहीत. पाऊस कोमट असतो, अंग तापलेले असते. भिजत चढतात आणि माथ्यावर कोट चढवून उतरतात. उतारावर कोटाचे काम वारा अडवण्याचे.

पाठीमागून उडणारा चिखल कुठलाही कोट थांबवत नाही. पूर्ण लांबीचे मडगार्ड हा पावसाळी पेहरावाचा भागच मानावा.

कंबरेखाली

पॅडेड शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालत नाहीत. ओल्या शिवणी जांघा सोलतात. पावसात पॅड पाणी पितो, म्हणून घासणाऱ्या जागी आधी क्रीम लावावे. पावडर लावू नये, ओलीने तिच्या गुठळ्या होतात. भिजलेली शॉर्ट्स घालून नाश्त्याला तासभर बसणे हे नायट्याला आमंत्रण आहे. रेनपँट किंवा साधी पँट असेल तर उजव्या पायाचा घोळ रबरबँडने बांधावा, नाही तर साखळीत अडकतो. ओढणी आणि मफलरची टोकेही आत खोचावीत.

हात, डोके, पाय

बोटे बधिरली की ब्रेक दाबला जात नाही. त्यामुळे हातमोजे ही चैनीची वस्तू नाही. पावसात हात हँडलकडे उतरता असतो, म्हणून मोज्याचे मनगट कोटाच्या बाहीच्या आत हवे. बाहेर असेल तर बाहीवरून ओघळलेले पाणी मोज्यात साचते. हेल्मेटखाली माकडटोपी घालू नये. तिच्या जाडीमुळे हेल्मेट वर उचलले जाते आणि पडल्यावर जागेवर राहत नाही. कान झाकणारी पातळ पट्टी किंवा पुणेरी पद्धतीने चापून बांधलेला पातळ स्कार्फ चालतो, बाजूचे दिसत असेल तर. पावसात छोट्या झडपेची सायकलिंग टोपी चष्म्यावरचे थेंब बरेच अडवते.

पायांसाठी थंडीत बुटाच्या जाळीदार टोकावर आवरण पुरते. ते नसेल तर मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी. पावसात पाय कोरडे ठेवण्याचा नाद सोडून मागे पट्टा असलेल्या सँडल घालणे अधिक शहाणपणाचे. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दोन-तीनदा बदलावेत.

काळा कोट पहाटेच्या धुक्यात दिसत नाही. ब्रेव्हेमध्ये (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सफर) रात्री परावर्तक जाकीट सक्तीचे असते. एकाएकी पाऊस आल्यावर रेनकोट त्यावरून चढवला जातो आणि पट्ट्या झाकल्या जातात. जाकीट एक माप मोठे घेतले की कोटावर घालता येते.

निगा

नव्या जॅकेटवरून पाणी अळवाच्या पानावरून ओघळावे तसे घरंगळते. हा वरचा लेप मळाने आणि साबणाच्या अंशाने निकामी होतो. मग कापड पाणी पिऊन जड होते आणि आतली वाफ कोंडते. सौम्य द्रव साबणाने धुवावे, दोनदा खळबळावे, फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये. लेबलवर परवानगी असेल तर वाळल्यावर वर कापड ठेवून मंद इस्त्री फिरवल्यास लेप बराचसा पुन्हा जागा होतो. तरीही थेंब घरंगळेनासे झाले तर लेपाचा फवारा मारावा. ओला कोट घडी करून सॅकमध्ये रात्रभर ठेवला तर बुरशी धरते आणि आतून चिकटवलेली टेप सुटू लागते. पुण्याच्या श्रावणात कपडे दोरीवर दोन दिवस वाळत नाहीत. शॉर्ट्स टॉवेलात गुंडाळून पिळाव्यात, पॅडची बाजू वर करून पंख्याखाली टाकाव्यात आणि रोज चालवणाऱ्याने किमान तीन जोड ठेवावेत.