शेतकरी सन्मान निधी (महाराष्ट्र)

केंद्राची ‘प्रधानमंत्री किसान सन्मान निधी’ आणि राज्याची ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ या दोन योजनांतून जमीनधारक शेतकरी कुटुंबाच्या खात्यात थेट जमा होणारी रक्कम. दोन्हींकडून वर्षाला प्रत्येकी ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत मिळतात. केंद्राची योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूरला सुरू झाली आणि १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरली गेली. आरंभीची दोन हेक्टरची मर्यादा जून २०१९ पासून उठली. राज्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये पडला. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही, लाभार्थी केंद्राच्याच यादीतून घेतले जातात. त्यामुळे केंद्राच्या यादीत नाव अडकले की दोन्हीकडचे पैसे थांबतात.

पात्रता सातबाऱ्यावर ठरते, कसण्यावर नाही. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर हवी; त्यानंतर खरेदीने आलेली जमीन चालत नाही, वारसाने आलेली चालते. वनहक्क पट्टाधारक पात्र आहेत. खंडाने किंवा बटईने दुसऱ्याचे रान करणारा मात्र पूर्ण बाहेर राहतो. बी-खताचा खर्च त्याचा आणि निधी मालकाचा, ही योजनेतील सर्वांत मोठी उणीव आहे. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले मिळून एक कुटुंब धरतात, म्हणून नवरा-बायको दोघांच्या नावे जमीन असली तरी लाभ एकालाच. आयकर भरणारे, आजी-माजी आमदार-खासदार, चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी नोकर, दरमहा १०,००० रुपये वा जास्त पेन्शन घेणारे आणि व्यवसाय करणारे नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंते वगळले आहेत.

हप्ता अडला की आधी पीएम-किसान पोर्टलवर आपल्या नोंदणीची स्थिती (‘Know Your Status’) उघडावी. तिथे लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडणे), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) आणि आधार-बँक सीडिंग (बँक खाते आधारला जोडणे) या तीन बाबी दिसतात. एकीपुढे जरी ‘नो’ असेल तरी पैसे येत नाहीत.

ई-केवायसी सर्वांत सोपी: आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी, नाहीतर सेवा केंद्रात अंगठा, किंवा पीएम-किसान ॲपवर चेहरा दाखवून. राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांचा अंगठा मशीन घेत नाही. त्यांच्यासाठी चेहऱ्याची सोय खरोखर उपयोगी आहे.

बँकेच्या बाबतीत गैरसमज फार. अर्जात पासबुकचा नंबर काहीही असो, पैसे आधारशी सर्वांत अलीकडे जोडलेल्या (मॅप झालेल्या) खात्यात जातात. ‘हप्ता आलाच नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांची रक्कम मध्यंतरी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात पडून असते. केवायसीसाठी खात्याला आधार दिलेला असणे वेगळे आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) खाते जोडलेले असणे वेगळे. डीबीटीच्या जोडणीसाठी शाखेत संमतीपत्र भरून द्यावे लागते.

लँड सीडिंगचे काम खरे किचकट. आधारवर ‘विठ्ठल’ आणि सातबाऱ्यावर ‘विठोबा’, सामाईक खात्यात एकत्र नोंदवलेले क्षेत्र, आजोबा जाऊन वर्षे लोटली तरी न झालेली वारसनोंद, अशा कारणांनी ते अडते. नोंदणीची मंजुरी कृषी खात्याकडे आणि जमिनीची नोंद महसूल खात्याकडे असल्याने शेतकऱ्याला दोन्ही कार्यालयांचे खेटे घालावे लागतात. चालू सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सर्व जमिनीचा उतारा), आधार आणि फेरफाराची (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीची) प्रत सोबत ठेवली तर निदान एक फेरी वाचते. नव्या नोंदणीला आता ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदवहीतील शेतकरी ओळख क्रमांकही लागतो.

लाभार्थी वारल्यास मृत्यूची माहिती लगेच द्यावी, कारण त्यानंतर जमा झालेले हप्ते परत मागितले जातात. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे देऊन अर्ज करायचा. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो आणि त्यानंतरच वारसाला स्वतःच्या नावे नवी नोंदणी करता येते. मयताच्या नोंदणीवर नाव बदलून मिळत नाही.